टांगलेली नदी

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही, असं बायको लग्नापासून ऐकवत आलीय. आमची आठ वर्षांची मुलगी मात्र मराठीत दोनच शब्द बोलायची, 'हो' आणि 'नाही'. बाकी सगळं इंग्रजीत. शुक्रवारी आखातातल्या आमच्या सालमियाच्या फ्लॅटमधून नाशिकला फोन लागला की आजोबा बिचारे प्रश्नांमागून प्रश्न विचारायचे आणि ही एक 'हो' टाकून रिसिव्हर माझ्या हातात द्यायची. ते मला फार लागायचं.

म्हणून मी मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचं नाव घातलं. भाषण अर्थातच मी लिहिलं, माझी भाषणं वडील लिहायचे तसंच. मायबोलीची थोरवी, हातवाऱ्यांसकट.

तालीम रंगात आली असताना रिफायनरीतला माझा चिनी सहकारी पोहे खायला आला. मुलगी अडली की पुढचं वाक्य मी म्हणायचो. शेवटी अख्खं भाषण मीच ठोकलं. तो पोट धरून हसला.

"तुझ्यासारख्याला आमच्याकडे म्हणतात, याचं तोंड म्हणजे टांगलेली नदी, नुसता धबधबा," तो इंग्रजीत म्हणाला.

मुलीने कान टवकारले. मग तिच्या आग्रहाखातर त्याने आणखी सांगितलं. सुंदर बोलणाऱ्याच्या जिभेवर कमळं फुलतात. कोणालाही पटवणाऱ्याची जीभ तीन इंचांची असते आणि ती कधी सडत नाही. तिने लगेच फूटपट्टी आणून आरशासमोर स्वतःची जीभ मोजली. भाषण राहिलं बाजूलाच.

स्पर्धेत ती दुसऱ्याच वाक्याला थांबली. तिसऱ्या रांगेतून मी नुसते ओठ हलवत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि म्हणाली, "बाबांच्या तोंडात नदी आहे. चायनीज अंकल बोलले. माझ्या तोंडात नळ आहे. पाणी थोडा थोडा येते."

सगळे खदखदून हसले. तिला जोर चढला. कमळं झाली, फूटपट्टी झाली, सगळं मोडक्यातोडक्या मराठीत. विषय सोडून बोलल्याबद्दल परीक्षकांनी गुण कापले. मला मात्र भर सभेत रडू फुटलं.

पुढच्या शुक्रवारी फोन तिनेच ओढून घेतला. "आजोबा, तुमची जीभ किती इंच?" तिकडे आजोबा फूटपट्टी शोधायला उठले. मी सवयीने हात पुढे करून उभा होतो. फोनचं कार्ड संपलं तरी माझी पाळी आली नाही.