पाहुण्यांची कुरियर पावती

कार्डाने पैसे घेण्याची सोय पुरवणाऱ्या एका कंपनीने मला फसवले. मी तिला फसवले नाही, माझ्याकडे राहून गेलेल्या पाहुण्यांनाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटते की हिचेच काहीतरी चुकले असणार. हल्ली तो तेवढा चढतही नाही. दमले.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला मी एक बंगला चालवत होते. बंगला माझा नव्हता. मालकीणबाई मुंबईच्या, वर्षातून एकदा यायच्या. मे महिना संपायच्या आत पुढच्या वर्षाचे भाडे एकरकमी द्यायचे, की किल्ल्या माझ्याकडे, असा आमचा करार. भाडे चुकले तर किल्ल्या परत. सहा वर्षे माझे भाडे एकदाही चुकले नव्हते.

तिथपर्यंत मी चादरी धुऊन पोचले होते. खरोखरच्या चादरी. लोणावळ्यात पाऊस लागला की तीन-तीन दिवस कपडा वाळत नाही, आणि बंगलेवाल्यांना दर शनिवारी कोरड्या चादरी लागतात. मी त्यांच्या ओल्या चादरी टेंपोत घालून घाटाखाली, पाऊस कमी असलेल्या बेडशाला न्यायची. तिथे एका मोकळ्या पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दोऱ्या बांधल्या होत्या. उघडीप मिळाली तर बाहेर, नाहीतर पत्र्याखाली पंखे लावून वाळवायच्या. पहिली दोन वर्षे लोक म्हणायचे, चादरींना कोंबड्यांचा वास येतो. येत नव्हता. पैसे कमी करायला म्हणायचे. मी एक पैसा कमी केला नाही. चादरींवरून हळूहळू किल्ल्या माझ्याकडे आल्या, किल्ल्यांवरून पाहुणे, आणि शेवटी हा एक बंगला.

घासाघीस मला शिकवावी लागली नाही. अब्बा आठवड्याच्या बाजारात बकऱ्यांची दलाली करायचे. रुमालाखाली घेणाऱ्याची बोटे दाबून भाव ठरवायचे आणि हातावर हात पडला की सौदा संपला. मग बकरी घरी जाताना लंगडली तरी कोणी परत येत नसे. मी त्यांच्या शेजारी उभी राहून एवढेच शिकले की ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये.

कार्डाची गरज पाहुण्यांमुळे पडली. लोणावळ्यात नसलेले बंगले भाड्याने देणारे लोक फार झाले आहेत. फोटो कुठल्यातरी दुसऱ्याच घराचे, फोनवर पैसे मागवायचे आणि नंबर बंद. माणसे मुलाबाळांसह बॅगा घेऊन येतात आणि पत्त्यावर मोकळे रान. त्यामुळे माझ्यासारखीला नवे गिऱ्हाईक फोनवर विचारायचे, "तुम्ही खऱ्या आहात कशावरून? कार्डाने घ्याल का? काही झालं तर बँक तरी परत देते." मला राग यायचा, पण त्यांचेही खोटे नव्हते.

मग मी कंपन्या बघू लागले. पहिली मोठी, नावाजलेली. तिचा दर वेबसाइटवर छापलेला. फोन केला, म्हटले काही कमी करा. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, रेट सगळ्यांना सेम आहे." फोन ठेवला. दुसरी माझ्या बँकेचीच सोय. साहेबांनी बसवून घेतले, चहा दिला, आणि म्हणाले की राहण्याचा धंदा म्हणजे जोखीम, वर्षाची फी पडेल, काही रक्कम अनामत राहील, परवान्यांच्या प्रती लागतील. सगळे सरळ सांगितले. सरळ होते म्हणूनच मला महाग वाटले. तिसऱ्या कंपनीचा माणूस स्वतः मोटारसायकलवरून आला. हेल्मेट काढून ओट्यावर बसला. असेल तिशीच्या आतला.

"मॅडम, तुमच्यासाठी अडीच टक्के."

"माझ्यासाठी म्हणजे? कधीपासून ओळखतोस मला?"

"आत्ताच झाली ना ओळख."

"मग ओळखीचा भाव सांग. दीड."

"दीडला दिलं तर साहेब मलाच विकतील, मॅडम."

"विकू देत. किती येतील तुझे?"

तो हसला. चांगले हसायचा. दुसरा चहा झाला. मी उठायचे नाटक केले, त्याने हेल्मेट घालायचे. असे दोनदा झाले. मग तो मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाला, "ताई, एक मार्ग आहे. राहण्याजेवणाच्या धंद्याला कंपनी जास्त लावते. लोक बुकिंग रद्द करतात, मागून भांडतात, म्हणून. वस्तू विकणाऱ्याला कमी पडतं."

"मी कुठे वस्तू विकते?"

त्याने अंगणात दोरीवर वाळणाऱ्या चादरींकडे बघितले. "घरगुती कापड म्हणून टाकतो. पावणेदोन."

"यात पुढे काही लफडं?"

"सगळे असंच करतात ताई. कंपनीलाही माहिती असतं."

मी हात पुढे केला, त्याने हातावर हात ठेवला. माझ्या दृष्टीने सौदा झाला. नंतर त्याने स्वतःच्या मोबाइलवर माझी माहिती भरली, इंग्रजीतल्या बारीक अक्षरांची पाने अंगठ्याने वर ढकलली, सगळीकडे टिक केली आणि मला आलेला ओटीपी मागितला. मी दिला.

हिवाळाभर सगळे सुरळीत चालले. गिऱ्हाइकाने कार्डाने भरले की दोन दिवसांत पैसे माझ्या बँकेत. मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, पावणेदोन, तुम्हाला कोणी देणार नाही.

मार्चमध्ये एक टोळके आले. आठ जण म्हणून बुकिंग, उतरले चौदा. रात्री बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच फोडली आणि सकाळी म्हणतात वाऱ्याने फुटली. मी त्यांची अनामत ठेवून घेतली आणि फाटकात उभी राहून जे बोलायचे ते बोलले. त्यांच्यातला ज्याच्या कार्डाचे पैसे होते तो शांतपणे म्हणाला, "बघून घेतो." मला वाटले तोंडाची वाफ आहे.

एप्रिलमध्ये कंपनीचा मेल आला. ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली आहे की वस्तू मिळाली नाही. राहण्याचे सगळे पैसे त्याला परत जातील. तुमचे म्हणणे असेल तर आठवड्यात पुरावा द्या: कुरियर पावतीचा नंबर, पाकिटाचा फोटो, आणि माल घेणाऱ्याची सही.

मी तो मेल आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. त्या बेडशाच्या. त्या चौदा जणांच्या भाकऱ्या त्यांनीच थापल्या होत्या.

"कुरियर?" मावशी म्हणाल्या. "आपा, त्या दांडग्यांना चादरीत गुंडाळून धाडलं व्हतं म्हणावं. वजन लय भरलं म्हणून पावती फाटली."

हसलो आम्ही. शेवटचेच हसणे ते या प्रकरणातले.

मी पाहुण्यांच्या वहीचे पान पाठवले, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती पाठवल्या, फुटक्या काचेचा फोटो पाठवला. त्या कार्डवाल्याने स्वतःच आमच्या झोपाळ्यावर बसून काढलेला, मला पाठवलेला फोटो होता, तोही पाठवला. उत्तर आले की कागदपत्रे तुमच्या व्यवसायाच्या प्रकाराशी जुळत नाहीत. आणि दोन दिवसांनी दुसरे उत्तर आले. तुम्ही कापड विकत नाही असे तुमच्याच कागदपत्रांवरून दिसते. तुम्ही खोटी माहिती दिली. तुमचे खाते बंद करण्यात येत आहे. खात्यातली शिल्लक सहा महिने राखून ठेवली जाईल.

तक्रार आल्या दिवसापासून कंपनीने माझे पैसे बँकेत सोडणे थांबवले होते, त्यामुळे त्या शिल्लकेत मे महिन्याच्या सगळ्या बुकिंगचे पैसे होते. म्हणजे बंगल्याचे भाडे होते.

मदतीसाठी फोन नव्हता. वेबसाइटच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडायची आणि तिच्यात एका बाईचे नाव यायचे. मी तुमची काय मदत करू, असे ती विचारायची. मी सगळे लिहिले. तिने खात्याविषयीची सहा वाक्ये पाठवली. मी पुन्हा लिहिले, तिने तीच सहा वाक्ये पुन्हा पाठवली. मी चिडून लिहिले, "बाई, तू कुठल्या गावची?" तिने लिहिले, "क्षमस्व, मला तुमचा प्रश्न समजला नाही." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की ती बाई नव्हतीच. भांडायला समोर कोणी नसले की माझ्यासारखीची अर्धी ताकद जाते. मी लोणावळ्यातल्या प्रत्येक टेंपोवाल्याशी, गॅसवाल्याशी, नगरपालिकेतल्या माणसाशी भांडले आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी माझे काम केले आहे.

मोटारसायकलवरून आलेल्या त्या विक्रीवाल्याचा नंबर बंद लागत होता. चहा पिताना तो घोरावाडीला स्टेशनच्या मागे राहतो असे बोलला होता. मी दुपारची गाडी धरली, उतरून दोन दुकानांत त्याचे वर्णन सांगितले आणि घर सापडले. तो दारातच भेटला. अंगावर कारखान्याचा निळा गणवेश, पायात जाड बूट. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात कामाला लागला होता आणि कारखान्याच्या बसची वेळ झाली होती.

"ताई, तुम्ही इथे?"

"चादरी विकायला आले. घेतोस?"

त्याचा चेहरा पडला. त्याला सगळे सांगावे लागले नाही, अर्ध्यातच समजले. त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदा झालेले नसावे.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, खाली आण. मी आणलं."

"भाव खाली आण म्हटलं होतं. मला कापडवाली कर म्हटलं नव्हतं."

"पण तुम्ही हो म्हणालात."

"तू म्हणालास कंपनीला माहिती असतं."

"असतंच," तो म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये साहेबांनीच सांगितलं होतं. गिऱ्हाईक भावावर अडलं तर प्रकार बदलून बघा. महिन्याचा आकडा पुरा झाला पाहिजे."

"मग तेवढं लिहून दे. एक ओळ. खाली सही."

त्याने रस्त्याकडे बघितले. बस आली नव्हती. "नाही देता येणार. उद्या त्यांनी माझ्यावरच केस टाकली तर? त्यांच्या फॉर्मवर माझी आयडी आहे ताई. साहेबांची नाही."

मी ओरडले. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. मग बस आली आणि तो डोके खाली घालून चढला. त्याच्यावरचा माझा राग फार टिकला नाही, याचेच मला नवल वाटले. स्टेशनवर बाकावर बसून एक गाडी मी तशीच जाऊ दिली.

त्या मे महिन्यात बंगला एकही दिवस रिकामा नव्हता. पाहुणे येत होते, पोहत होते, आंबे खात होते, "भाकरी काय सुंदर आहे" म्हणत होते, आणि त्यांनी भरलेले पैसे कंपनीकडे अडकलेले. मी कोणालाही परत पाठवले नाही. त्यांनी भरले होते, त्यांचा काय दोष? किराणा उधारीवर आणला, मावशींचा पगार घरातून दिला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालकीणबाईंना फोन केला आणि मुदत मागितली. आयुष्यात भाव कमी करून मागणे वेगळे आणि मुदत मागणे वेगळे, हे मला त्या फोनवर कळले.

"मला तुमचं समजतं हो," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण एक जण वर्षाचे पैसे आत्ता द्यायला तयार आहेत. आणि खरं सांगू, कंपनीने तुमचं खातं बंद केलं म्हणता, तर त्यामागे काही असेलच ना?"

याचे उत्तर द्यायचे म्हणजे चादरींपासून सगळे सांगावे लागले असते, आणि त्यांना दुसरा फोन येत होता. जूनच्या पहिल्या दिवशी मी किल्ल्या दिल्या. झोपाळा माझा होता, तो सोडवून टेंपोत घातला.

सहा महिने झाल्यावर पैसे आले. त्या टोळक्याचे राहण्याचे पैसे वजा, तक्रारीची फी वजा, त्या फीवरचा कर वजा. सोबत दोन ओळींचा मेल. त्यात खेद नव्हता, चौकशी नव्हती. तोवर बंगल्यात दुसऱ्या माणसाचे पाहुणे उतरत होते. आणि आता मी दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे गेले की ते माझा पॅन नंबर टाकतात, पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, मॅडम, तुमचा अर्ज मंजूर होत नाही. कारण विचारले तर म्हणतात, कारण आम्हाला दिसत नाही.

लोक मला म्हणतात, पाऊण टक्क्यासाठी तू बंगला घालवलास. घासाघीस मी केली. भाव पाडून मागणे ही चोरी नव्हे, सगळा बाजार त्यावर चालतो. पाडलेला भाव परवडत नसेल तर नाही म्हणायचे आणि हेल्मेट घालून जायचे. तुम्ही कंपनीवाले नाही म्हणाला नाहीत. तुम्ही माझे काम बदलून लिहिलेत, हिवाळाभर त्यावर तुमचे टक्के घेतलेत, आणि भांडण आल्यावर म्हणालात की खोटे मी बोलले.

त्या कंपनीत कोणीतरी जिवंत माणूस असलाच पाहिजे. ज्या साहेबांनी प्रशिक्षणात प्रकार बदलायला शिकवले ते तरी असतील. त्यांनी इथे यावे. चहा मी देईन. माझ्यासमोर बसून, खिडकीतल्या बाईच्या आडून नव्हे, एवढेच सांगावे: मी कापड विकते हे कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, आणि माझा बंगला गेला त्याचा जबाब तुमच्यापैकी कोण देणार? नाव सांगा.