दह्याखालचा ट्रान्सफॉर्मर

हैदराबादेत आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी ओट्याच्या कोपऱ्यात एक लोखंडी खोकं आहे. मावशीनं अमेरिकेहून मोठ्या हौसेनं मिक्सर आणला, तो निघाला तिकडच्या एकशेवीस व्होल्टचा. आपल्या भिंतीतून येतात दोनशे तीस. तसाच लावला असता तर धूर निघाला असता आणि परत दिला असता तर मावशी रुसली असती. मग बाबांनी गौलीगुड्याच्या बाजारातून व्होल्टेज कमी करणारा हा ट्रान्सफॉर्मर आणला. तो दिवसभर गुणगुणतो आणि तापतो. आई त्याचं बटण कधीच बंद करत नाही, कारण थंडीत त्यावर पातेलं ठेवलं की दही अगदी कवडीसारखं लागतं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यात डोक्यानं तापट. मिक्सर चालो न चालो, वीज फुकट जाते म्हणून मी करवादायची. आई म्हणायची, "आधी दही खा, मग भांड."

गेल्या थंडीत कंपनीनं पहिल्यांदाच एका अख्ख्या डेटा सेंटरच्या विजेचं काम माझ्या हाती दिलं. अमेरिकेतल्या ग्राहकाचे नकाशे आले आणि माझं डोकंच सटकलं. सर्व्हरच्या प्रत्येक रॅकला दोनशे आठ व्होल्ट द्या म्हणे, कारण त्यांच्याकडे तसंच असतं. म्हणजे आपल्या दोनशे तीसचे दोनशे आठ करायला ट्रान्सफॉर्मरची रांगच्या रांग, त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि त्यांची उष्णता घालवायला आणखी एसी. पुन्हा तोच मिक्सर!

आमचे मॅनेजर पक्के हैदराबादी. "कायकू सर खपाते, मॅडम? मंगे सो देदो," म्हणाले; म्हणजे मागतात ते देऊन मोकळ्या व्हा. पण बैठक मात्र लावून दिली, आणि बजावलंही, की ग्राहकाला नाही पटलं तर काम त्याच्याच माणसांकडे जाईल. मला ते काम जिवापाड हवं होतं.

ग्राहकाचे मुख्य इंजिनिअर तिकडून आले होते. उंच, शांत, कमी बोलणारे. मी सगळी आकडेमोड मांडली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "गणित बरोबर असेल. पण आम्ही सगळीकडे हेच केलंय. चालत आलेलं मोडायला मन धजत नाही." माझा चेहरा पडला. तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली.

माझ्या डब्यात आईचं दही होतं. मी त्यांना वाढलं. त्यांनी खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, आणि एवढ्या थंडीत असं कसं लागतं म्हणून विचारलं. मी मिक्सरची कथा सांगितली, रागासकट. ते हसत होते, मग हसता हसता थांबले.

"सर्व्हरलाही दोनशे तीस चालत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"मागची पट्टी वाचा," मी म्हणाले.

नमुन्याचा सर्व्हर तिथेच होता. त्यांनी चष्मा लावला, वाकून वाचलं. दोनशे ते दोनशे चाळीस. यूपीएसमधून निघणारे आपले दोनशे तीस त्यात अलगद बसत होते.

"मग आपण व्होल्टेज कमी कुणासाठी करतोय?" ते म्हणाले.

"मावशीसाठी."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लगेच सही काही केली नाही. प्लग बदलायला लावले, एक रॅक आपल्या विजेवर चालवून पाहिला. मग ट्रान्सफॉर्मरच्या रांगेवर स्वतः लाल पेनानं काट मारली. काम माझ्याकडेच राहिलं. त्या दिवशी मी ऑफिसात गाणं गुणगुणत फिरले.

यंदाच्या थंडीत डेटा सेंटरची पूजा झाली तेव्हा आई-बाबांना घेऊन गेले. जिथे ट्रान्सफॉर्मर बसणार होते ती मोकळी खोली दाखवली. हे सगळं मी वाचवलं, असं जरा फुशारक्या मारतच सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताच तिनं ओट्यावरच्या खोक्याचं बटण बंद केलं. "आता पटलं हो मला तुझं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दही लागलंच नाही. बाबांनी ते पांढरं पाणी मुकाट्यानं भातावर घेतलं.

मी उठले आणि बटण दाबलं. खोकं गुणगुणायला लागलं.

"राहू दे ना," आई म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले. "मावशी रुसेल."