राहिलेल्या भाताची कृती

"खारट झाली म्हणून ओतून द्यायला निघालीस? थांब गं जरा. मेली नाहीये ती अजून."

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून वैदीण इस्त्रीवालीच्या हातातल्या पातेल्यात डोकावत होती. आत दाट, पिवळीजर्द डाळ होती. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिठाचा डबाच पडला होता का आत?"

"माहेरून फोन आला. बोलता बोलता दोनदा घातलं गेलं."

"माहेरचा फोन असून दोनदाच पडलं म्हणजे थोडक्यात वाचलीस. ऐक आता. मळलेल्या पिठाचे लिंबाएवढे दोन गोळे आत सोड. मंद आचेवर ठेव, ढवळू नकोस. गोळे खार ओढतात. मग ते काढून टाक आणि थोडी बिनमिठाची डाळ शिजवून त्यात मिसळ. नुसतं पाणी मात्र ओतू नकोस. चव पळून जाते नि मीठ घरातच राहतं, सासूसारखं."

इस्त्रीवाली हसली, पण तिचा पाय निघेना. तिनं वैदिणीच्या खांद्यावरून आत नजर टाकली. भाजी चिरायचा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता.

"तुझ्या नणंदेला कामावरून काढलं म्हणे. बरंच झालं म्हणा. न धुतलेली कोथिंबीर म्हाताऱ्या माणसांच्या पोटात घालायची म्हणजे काय? तुझ्यासारखीच्या हाताखाली राहून काही शिकली नाही बाई ती."

"जा आता. डाळ खाली लागेल."

हातातल्या पातेल्यातली डाळ खाली लागत नसते, हे दोघींनाही कळत होतं. इस्त्रीवाली गेली.

चौदा वर्षं झाली होती वैदिणीला त्या वृद्धाश्रमाच्या चुलीपुढं. एकतीस म्हातारी माणसं, आता तीस. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. मेलेलं अन्न ही बाई उठवून बसवते, म्हणून वैदीण. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतून बायका बिघडलेलं घेऊन मागच्या दाराशी यायच्या आणि ती कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही. करपलेल्या भांड्यात डाव घालायचा नाही. भांडं थंड पाण्यात टेकवायचं, वरचं वर दुसऱ्यात ओतून घ्यायचं, तळाची विचारपूससुद्धा करायची नाही. भात गिच्च झाला तर ताटात पसरायचा नि वर पावाचे दोन तुकडे ठेवायचे, पाव ओल पितो. दूध फुटायच्या बेतात असलं तर चिमूटभर सोडा. फुटलंच तर लिंबू पिळून पुरतं फोडायचं, फडक्यात बांधायचं, वर वरवंटा ठेवायचा.

"अन्न मरत नाही," ती म्हणायची. "आपण आळशी असतो."

हे तिला कुण्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तिच्या लहानपणी घरात खाणारी तोंडं सात आणि शिजवायला चार मुठी. एकदा तिनं आंबलेल्या डाळीची वाटी गटारात ओतली, तर आईनं तिच्या पाठीवर तापलेलं उलथणं उठवलं होतं. तो डाग अजून होता. अन्न टाकायचं म्हटलं की तिचा हातच पुढं व्हायचा नाही. आणि म्हणूनच मॅनेजरचा तिच्यावर जीव होता. तो रोज संध्याकाळी खरकट्याच्या बादलीत डोकावायचा आणि तळ दिसला की शीळ घालत परत जायचा.

तिची सगळ्यांत गाजलेली चीज म्हणजे राहिलेला भात. सांगायला गेलं तर त्यात काही नाही. रात्रीचा भात हातानं मोकळा करायचा. कढईत तेल, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, हिरवी मिरची. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, नुसता घाम सुटू द्यायचा. मग भात, झाकण, बारीक आच. खाली खरपूस थर धरेपर्यंत हलवायचा नाही. वरून कोथिंबीर, लिंबू. ज्या सकाळी हा भात असायचा, त्या सकाळी म्हातारी माणसं हाक मारायच्या आधी येऊन बसायची.

त्यात पहिले असायचे घड्याळजी. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले, एक्याऐंशीचे, काटकुळे, एक डोळा कायम मिटलेला. तळाचा थर त्यांचा. कढई खरवडल्याचा आवाज आला की वाटी पुढं यायची.

"दात कुठंयत हे चावायला?" वैदीण विचारायची.

"दात नसले म्हणून काय झालं? हिरड्यांना काही इज्जत आहे की नाही?"

त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला मोठा फ्रिज बंद पडला. मॅनेजर म्हणाला, मेकॅनिक येतोय. अकरा दिवस मेकॅनिक येतच होता. बाराव्या दिवशी, सोमवारी, कुणीतरी दुपारी टोपलंभर पाव वाटायला आणले आणि शिजवलेला भात अर्धं पातेलं तसाच राहिला. वैदिणीनं वर ओलं फडकं टाकून पातेलं खिडकीशी ठेवलं. दुपार गेली, रात्र गेली. मंगळवारी सकाळी भात मोकळा करायला तिच्या नणंदेनं, वन्संनी, आत हात घातला.

वन्सं तिथं भाजी चिरायला होत्या. वैदिणीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि वन्संनाही मागंपुढं कुणी नव्हतं. दोघी एका खोलीत राहायच्या. घरी वन्संचा मान मोठा. स्वयंपाकघरात मात्र वैदीण सांगेल ते.

"वहिनी, हाताला बुळबुळीत लागतोय गं. तार निघतेय."

"उकाड्यानं. तीन पाण्यांतून काढते."

"वासही जरा—"

"वन्सं, तुम्ही कोथिंबीर चिरा. भाताचं मी बघते."

तिनं बघितलं. तीन पाण्यांनी धुतला, चिमूटभर सोडा चोळला, फडक्यावर पसरून वारा दिला. लसूण दुप्पट घातला, मिरची वाढवली, लिंबं पिळली. मग चव बघितली. चव फक्कड होती, आणि तिथंच घात झाला. दोघींच्या वाट्याला शीतसुद्धा उरलं नाही. घड्याळजींनी दोनदा घेतला आणि वर तळाचा थर.

दहाच्या सुमारास पहिली उलटी झाली. दुपारपर्यंत चौदा जण आडवे. तेरा दोन दिवसांत उठून बसले. घड्याळजींच्या अंगात मुळात पाणी किती होतं? गुरुवारी दुपारी इस्पितळातून फोन आला, ते गेले म्हणून.

अन्न तपासणारा साहेब आला तेव्हा सगळी भांडी घासून चकचकीत झाली होती. त्यानं डबे उघडले, पाण्याची बाटली भरून घेतली, बंद फ्रिजचं दार उघडून नाक धरलं.

"शिळा भात होता का? भात बाहेर राहिला की त्यात विष धरतं. मग तो तळा नाहीतर उकळा, ते जात नाही. वासाला कळतंच असं नाही, चवीला तर नाहीच."

"छे छे," मॅनेजर म्हणाला. "आमच्याकडे सगळं ताजं असतं. विचारा बाईंना."

साहेबानं बाईंकडं पाहिलं. वैदीण हातातल्या डावाकडं पाहत राहिली. तिच्या कानात ते एकच वाक्य वाजत होतं, तळा नाहीतर उकळा. म्हणजे तीन पाणी, सोडा, लसूण, लिंबू सगळं फुकट? उलट वास मारून आपण ते विष गोड करून वाढलं? साहेबानं वही मिटली.

कुणाच्या तरी माथ्यावर खापर फुटायला हवंच होतं. पाटाखाली कोथिंबिरीची एक न उलगडलेली, मातीनं भरलेली जुडी सापडली होती. संध्याकाळच्यासाठी ठेवलेली. मॅनेजरनं कागद तयार करून आणला आणि वन्संपुढं ठेवला. भाजी न धुता चिरली, चूक झाली, इतकंच. वैदीण तिथंच उभी होती, दोन हातांवर. वन्संनी एकदा तिच्याकडं पाहिलं, मग लुगड्याला हात पुसले आणि सही केली.

घरी गेल्यावर वैदीण म्हणाली, "मी बोलायला हवं होतं."

"बोलून काय? दोघींची चूल विझली असती. मी चिरणारी. चिरणारी कुठंही मिळते. तुझ्या हाताला नाव आहे."

"तुम्ही तर सांगितलं होतंत, तार निघतेय म्हणून."

"सांगितलं. मग कोथिंबीर चिरली. दोनदा सांगायला हवं होतं."

वन्सं पाणी प्यायल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

त्याला आज नऊ दिवस झाले होते. नळावर बायका वन्संपासून हंडे सरकवून घेत. शेजारणीच्या आजारी सासूला दिलेली त्यांच्या हातची पेज तशीच परत आली. वन्सं कुणाशी भांडल्या नाहीत. पण आज सकाळी वैदीण कामाला निघाली तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातांकडं बघत म्हणाल्या, "वहिनी, मी खरंच धुतली होती ना गं ती कोथिंबीर? मला आता नीट आठवत नाही."

"धुतली होतीत. दोन पाण्यांनी. मी बघत होते."

"मग बरं," वन्सं म्हणाल्या. पण त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे दिसत होतं.

तो चेहरा दिवसभर वैदिणीच्या पुढून हलला नाही. इस्त्रीवाली गेल्यावर तिनं चहाचं दूध तापायला ठेवलं. चार वाजत आले होते. एवढ्यात आतल्या दारातून एक बाई आली. पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून एक जुना सदरा आणि घड्याळजींचं डोळ्याला लावायचं काळं भिंग डोकावत होतं.

"वैदीणमावशी तुम्हीच ना? मी घड्याळजींची मुलगी. सामान न्यायला आले होते."

वैदिणीनं पदर सारखा केला.

"बाबा फोनवर दुसरं काही बोलायचेच नाहीत. मी विचारायची, तब्येत कशी आहे, तर म्हणायचे, आज भात होता. दर वेळी म्हणायचे, ये एकदा खायला. मला काही जमलं नाही." तिनं पिशवीतून छोटी वही आणि पेन काढलं. "तो भात कसा करता, सांगाल? घरी करीन म्हणते. त्यांच्या आठवणीला."

वैदीण स्टुलावर बसली. समोरच्या स्टुलाकडं तिनं हात केला. मुलगी बसली, वही गुडघ्यावर घेतली.

"लिहा," वैदीण म्हणाली. "रात्रीचा भात घ्यायचा. थंड जागी ठेवलेला. लसूण, कांदा, हळद, मिरची. कांद्याला नुसता घाम सुटू द्यायचा."

मुलगी लिहीत होती. अक्षर बारीक, नेटकं. बापासारखंच असणार.

"हा झाला नेहमीचा. आता त्यांनी शेवटचा खाल्ला, तो लिहा."

पेन थांबलं.

"आदल्या दुपारचा भात. फ्रिज बंद. खिडकीशी ठेवलेला, सतरा-अठरा तास. सकाळी त्याला तार सुटली होती. मला सांगितलंही होतं. मी तीन पाण्यांनी धुतला. सोडा चोळला. वास मरावा म्हणून लसूण दुप्पट घातला. तळाचा थर त्यांना दिला, मीच, माझ्या हातानं."

बाहेर कुणीतरी काठी टेकत गेलं. मुलीनं वहीतून मान वर केली.

"तुम्ही चव बघितली होती?"

"बघितली होती."

"कशी होती?"

"चांगली होती."

मुलीनं वहीकडं पाहिलं. तिनं विचारलं, "मग मॅनेजर म्हणाले ती कोथिंबीर?"

"दोन पाण्यांनी धुतलेली होती. चिरणारी माझी नणंद. तिचा काही संबंध नाही. तेही लिहा. खाली मी सही करते."

मुलीनं लिहिलं. सगळं लिहिलं, अगदी सोडासुद्धा. मग वही पुढं केली. वैदिणीनं पदराला हात पुसला आणि हजेरीच्या वहीतलं आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर उभं करत काढलं. मुलगी उठली. शिवी नाही, रडणं नाही. दाराशी वळून एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, त्यांची निदान एक गोष्ट तरी चांगली घेऊन जाईन इथून."

तिची पावलं मॅनेजरच्या खोलीशी थांबली आणि दार लागलं.

वैदिणीनं पाठीमागं हात नेऊन ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात दुधाचा वास बदलला. तिनं पाहिलं तर पातेल्यात चोथा वेगळा, पाणी वेगळं. हे दूध वाचलं असतं. लिंबू पिळून, फडक्यात बांधून, तासाभरात कुणालाही चाललं असतं, आणि कुणाला काही झालंही नसतं. बहुधा. तिनं पातेलं उचललं, मोरीपर्यंत नेलं आणि तिथं थोडी थांबली. पाठीवरचा डाग चुरचुरला. मग तिनं सगळं दूध ओतलं आणि वर दोन तांबे पाणी.

त्या दिवशी तीसही जणांना बिनदुधाचा चहा मिळाला. "काय हो वैदीणबाई, गाय मेली का?" आतून कुणीतरी ओरडलं. तिनं कपबशा विसळल्या, ॲप्रनची गाठ पुन्हा घट्ट केली, भिंतीला टेकवलेला पाट खाली घेतला आणि संध्याकाळची भाजी चिरायला बसली.