परतीच्या पार्सलातली चटणी

परत पाठवायचं पुस्तक आधी उजव्या तळहातावर घ्यायचं, डोळे बारीक करून तोलायचं आणि म्हणायचं, "हलकं लागून राह्यलं." आमचे ग्रंथपाल हे प्रत्येक पुस्तकाबद्दल म्हणत. सहाशे पानांचा प्रबंध असला तरी त्यांना तो हलकाच लागे. मग खुर्ची मागे सरकवून ते टेबलाचा खालचा कप्पा उघडत आणि पुस्तकासोबत पार्सलात घालायला काहीतरी शोधत बसत.

आमचं महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यात आहे, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर प्राचार्य माझी चौकशी करायला समिती नेमतील आणि तिचा समन्वयक म्हणून मलाच नेमतील. आमच्याकडे समित्या भरपूर आहेत, माणसं कमी पडतात.

विद्यापीठाने आम्हाला संशोधन केंद्राची मान्यता दिली तेव्हा एक अट घातली. देशभरातल्या विद्यापीठांच्या एखाद्या नेटवर्कचं सदस्यत्व घ्यायचं. आम्ही एकाचं घेतलं, मग चटक लागली म्हणून आणखी दोन संघटनांचं घेतलं. प्रत्येकीचं प्रमाणपत्र सागवानी चौकटीत बसून प्राचार्यांच्या खोलीत टांगलं गेलं. प्रत्येकीचं बोधचिन्ह लेटरहेडवर आलं, आणि शेवटी पत्र लिहायला खाली जेमतेम अर्धा कागद उरला. सदस्यत्वाचे फायदे काय, असं मला कोणी विचारलं तर मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी नेटवर्कचा समन्वयक होतो. तीन अधिवेशनांना गेलो आणि तीन कापडी पिशव्या घेऊन आलो. त्यातली एक अजून भाजीला नेतो.

ग्रंथपालांनी मात्र एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी नियमावली वाचली. आमच्या संस्थेत नियमावली फाईलला लावायची असते, हे बावीस वर्षांच्या नोकरीतही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्यात लिहिलं होतं की कोणताही सदस्य दुसऱ्या कोणत्याही सदस्याच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवू शकतो. ते कागद हातात घेऊन माझ्याकडे आले आणि विचारू लागले, "सर, मंग मागवू का?" मी विचारलं, काय? ते म्हणाले, "जे नाई ते."

तोवर आमच्या विद्यार्थ्यांना खिडकीवर "नाही" ऐकायची सवय होती. मुलं पुस्तकाचं नाव सांगतानाच अर्धी वळलेली असत. त्या दिवसापासून खिडकीतून वेगळं उत्तर येऊ लागलं. "आपल्यापाशी नाई. जगात नाई असं नाई." एवढं बोलून ते एक अर्ज पुढे सरकवत, आणि मुलं घाबरून तो भरत.

सुनीता माझ्याकडे पीएच.डी. करत होती. दिग्रसजवळच्या तांड्यावरची मुलगी. होळीला बंजारा बायका-पुरुष फेर धरून लेंगी म्हणतात, त्या गाण्यांवर तिचं काम होतं. या विषयावर पूर्वी कोणी काहीही केलेलं नाही, असं मी मार्गदर्शक या नात्याने तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. असं सांगितलं की मार्गदर्शकाला स्वतःला काही वाचावं लागत नाही. ग्रंथपालांनी पंधरा दिवसांत मला तोंडघशी पाडलं. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात तिकडच्या तांड्यांवरच्या गाण्यांचा एक जुना प्रबंध होता, तीन खंडांचा, एकच प्रत, स्कॅन न झालेली. खंड एकेक करूनच मिळणार होते.

पहिला खंड आला. सुनीता महिनाभर ग्रंथालयात बसून वह्या भरत होती. एकदा वाचता वाचता थांबली आणि ग्रंथपालांना म्हणाली, "काका, ह्या ओळी तं माही याडी म्हनते." याडी म्हणजे आई. इतक्या दूरच्या तांड्यावरची गाणी आपल्या आईच्या तोंडी कशी आली, हाच तिच्या प्रबंधाचा कणा झाला. त्यावर पुढे मी एका अधिवेशनात निबंधही वाचला. अर्थातच मी.

खंड परत करायची वेळ आली तेव्हा ग्रंथपालांनी तो तोलला. हलका लागला. आमच्याकडे एका निवृत्त प्राध्यापकाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेल्या लेंगीच्या वह्या धूळ खात होत्या. ग्रंथपालांनी सगळ्या वह्यांची सुवाच्य अक्षरात यादी केली, खाली लिहिलं, 'लागल्यास कळवा', आणि ती पार्सलात घातली. दुसऱ्या खंडाच्या वेळी यादी तर आधीच गेलेली. कप्प्यात काही सापडेना. तेव्हा त्यांनी नेरहून आणलेला स्वतःचा डबा उघडला. त्यांच्या घरी जवसाची चटणी फार चांगली होते. ती कागदाच्या पुडीत बांधून खंडाशेजारी ठेवली आणि पार्सल टपालात टाकलं.

जवसाला तेल सुटतं, हे विदर्भात सांगावं लागत नाही. दक्षिणेत ते पत्रातून कळवावं लागलं. तिकडच्या कार्यालयाचं इंग्रजी पत्र आलं: खंडाच्या वेष्टनावर व दोन पानांवर तेलाचे डाग, पार्सलात खाद्यपदार्थ, खुलासा करावा, अन्यथा पुढील व्यवहार स्थगित. तिसरा खंड अजून यायचा होता आणि सुनीताची मुदत चार महिन्यांवर आली होती. प्राचार्यांना मुदतीचं काही नव्हतं. चौकटीतलं प्रमाणपत्र उतरवावं लागलं तर भिंतीवर पांढरा चौकोन दिसेल, या विचाराने ते हवालदिल झाले.

त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. असं कोणी करतं का, हे विद्यापीठांचं नेटवर्क आहे, गल्ली नाही, असं बरंच झालं. ग्रंथपाल खाली बघून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, शेजारून वाटी आली तं आपन रिकामी धाडतो का?"

"हा शेजार नाही हो."

"मंग जोडला कायले?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रमाणपत्रांकडे पाहिलं. शेवटी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला.

तो ग्रंथपालांनी दोन ओळींत दिला: 'घेतलेल्या वस्तूसोबत काही पाठवावे, अशी आमच्याकडे रीत आहे. चूक झाली ती बांधण्यात झाली, पाठवण्यात नाही.' त्याचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक पानभर सुंदर इंग्रजी लिहिलं. त्यात दिलगिरी होती, निष्काळजीपणाची कबुली होती, पार्सलात यापुढे पुस्तकाखेरीज काहीही जाणार नाही अशी हमी होती. ग्रंथपालांनी ते सगळं शांतपणे वाचलं. त्यांचं इंग्रजी माझ्याहून वाईट नव्हतं.

"माहं वाक्य नाई राह्यलं याच्यात," ते म्हणाले.

मी म्हटलं, सुनीताचा तिसरा खंड आहे. त्यांनी सही केली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि आज ते आठवलं की लाज वाटते. जन्मभरात त्या माणसाने कुणाच्या शब्दाला कात्री लावली नसेल. मी त्यांच्या दोन ओळी कापून वर त्यांचीच सही घेतली.

तिसरा खंड आला. सुनीताचा प्रबंध वेळेत गेला. तो खंड परत करताना मी ग्रंथालयात होतो. त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ तोलला आणि बांधला. कप्पा उघडला नाही. त्यानंतरची त्यांची सगळी पार्सलं नियमाप्रमाणे गेली.

ते निवृत्त झाले आणि वर्ष भरायच्या आत गेले. शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं की त्यांनी ग्रंथालय अत्यंत स्वच्छ ठेवलं होतं. त्यांची जागा अर्थातच भरली गेली नाही. ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार, तुम्ही ओळखलंच असेल, माझ्याकडे आला.

यंदा सदस्यत्वाचं नूतनीकरण होतं. अर्जात एक नवा रकाना होता: 'इतर सदस्यांनी आपल्याकडून काय मागवले?' प्राचार्यांनी मला विचारलं, इथे काय लिहायचं. कोणी आमच्याकडून काही मागवेल ही कल्पनाच त्यांना नवी होती. पण रकाना भरायला निघालो तर मजकूर तयार होता. दक्षिणेतल्या त्याच ग्रंथालयाने ती जुनी यादी जपून ठेवली होती, आणि त्यांच्या एका विद्यार्थ्यासाठी आमच्या लेंगीच्या वह्या नुकत्याच मागवल्या होत्या. आम्ही त्या पाठवल्याही होत्या. प्राचार्यांनी रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं आणि पुढच्या सभेत 'देवाणघेवाणीची आपल्या संस्थेची थोर परंपरा' यावर भाषण केलं. नूतनीकरणाच्या प्रमाणपत्रासाठी चौथी चौकट आली.

गेल्या महिन्यात वह्या परत आल्या. पार्सल मीच उघडलं. वह्यांच्या खाली स्टीलची एक छोटी डबी होती, प्लॅस्टिकच्या पन्नीत घट्ट गुंडाळलेली. आत डाळींची कोरडी, तिखट पूड. सोबत ग्रंथपालांच्या नावाने तिकडच्या ग्रंथपालबाईंची चिठ्ठी. 'तक्रार आमच्या कार्यालयाची होती, चटणी मी खाल्ली होती,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'त्यानंतर तुमची पार्सलं नुसतीच येऊ लागली, तेव्हा वाटलं तुम्ही रागावलात. ही पूड कोरडी आहे, डाग पडणार नाहीत.'

चिठ्ठी मी दोनदा वाचली. माझ्या त्या सुंदर इंग्रजीचं एवढंच फळ होतं. एका बाईला इतकी वर्षं वाटत राहिलं की यवतमाळकडचा एक भला माणूस आपल्यावर रुसला आहे. आणि ज्यांनी हे वाचून मान डोलावली असती, ते आता नव्हते. त्यांच्याच खुर्चीत बसून मी रडलो, हे समन्वयकाला शोभत नाही, पण झालं खरं.

डबी परत करायची होती. मी ती तळहातावर ठेवून पाहिली.

रविवारी एस.टी.ने नेरला, ग्रंथपालांच्या घरी गेलो. वहिनींना चिठ्ठी मराठीत वाचून दाखवली, तिकडच्या बाईंना सगळं कळवतो म्हणालो, आणि डबी पुढे केली. काय हवं ते मला सांगावं लागलं नाही. त्या आत गेल्या, बरणीतली जवसाची चटणी डबीत दाबून भरून आणली, आणि झाकण लावता लावता म्हणाल्या, "दोन पन्न्या लावजा, सर. त्याईचं तेवढंच चुकलं होतं."

मी तीन लावल्या.