माझ्या नावापुढे कागदी प्लेट्स

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलंत, "आजी, मस्कतमध्ये तुझ्याशी कुणी रेसिस्ट वागलं का गं?" मी नाही म्हणाले. ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं आज लिहून देते, कारण तुमचे बाबा अजून सगळ्यांना सांगतात की आईला स्वयंपाकाची आवड नाही. ते खोटं मीच त्यांना शिकवलं.

काही महिन्यांपूर्वी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात मेघनाच्या घरी आम्हा मराठी बायकांची बैठक होती. लंडनहून एक काळी लेखिका आली होती, वर्णभेदावर बोलायला. प्रत्येकीने आपापलं सांगितलं. मेघना ऑफिसातलं बोलली. दिवाळीला तिने गोऱ्या साहेबासाठी बेसनाचे लाडू नेले. त्याने झाकणही उघडलं नाही. चार दिवसांनी डबा त्याच्या टेबलाखाली तसाच सापडला. सांगताना ती रडली. माझेही डोळे भरले.

मग जेवण. टेबलावर बारा पदार्थ. लेखिका एकेकीला विचारत होती, यातलं तुमचं कुठलं? माझी पाळी आली.

"काकू म्हणजे आमचं प्लेट्स डिपार्टमेंट!" मेघना म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले.

बत्तीस वर्षांची सवय. पहिल्या वर्षी एकीने मला गाव विचारलं, मग आडनाव, मग घरात देव कुठले. "आम्ही बौद्ध," मी म्हणाले. "अच्छा, अच्छा." पुढच्या बैठकीची यादी आली. कुणापुढे पुरणपोळी, कुणापुढे मसालेभात. माझ्यापुढे कागदी प्लेट्स. कधी बर्फ. कधी पाण्याच्या बाटल्या. शिजवलेलं कधीच नाही. वाईट शब्द एक नाही. याच बायकांच्या मुलांना मी शाळेत इंग्रजी शिकवलं. आणि मी नीटनेटकी बाई. जाड, तीन कप्प्यांच्या प्लेट्स निवडून न्यायचे. तुमचे बाबा लहानपणी विचारायचे, आई, आपण का नाही काही करून नेत? मला आवडत नाही रे, मी म्हणायचे.

लेखिकेने सरळ विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येत नाही?"

"येतो," मी इंग्रजीत म्हणाले. "माझ्या हातचं इथे चालत नाही. माझ्या जातीमुळे."

मेघना मराठीत कुजबुजली, "काकू, प्लीज. पाहुण्यांसमोर नको. हा आपल्या घरातला विषय आहे."

"तुझा डबा निदान साहेबाच्या टेबलापर्यंत पोचला, मेघना. माझा घरातूनच निघाला नाही."

हेच वाक्य मी पाहुणीला इंग्रजीत करून सांगितलं.

परतताना गाडीत तुमचे आजोबा म्हणाले, "खलास. आता बोलावणार नाहीत."

बोलावलं. नव्या यादीत माझ्यापुढे पुन्हा प्लेट्स. मी ते खोडलं आणि लिहिलं: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

अल् खुवैरच्या आमच्या घरून गाडीत पातेलं मांडीवर धरून नेलं. दोघींनी वाढून घेतलं. तिघींचे उपास निघाले. मेघनाने एक वडा घेतला. तो शेवटपर्यंत तिच्या प्लेटमध्ये तसाच होता. मी पातेल्याशेजारी उभी राहून पोटभर जेवले.

प्लेट्स मी आता नेणार नाही. कुणी खाल्लं नाही तरी पातेलं जाईल. यादी अजून आहे. माझं नाव तिच्यात आहे. त्याच्यापुढे काय, ते मी लिहिते.