बायकोचा नंबर

माझी ही फजिती अख्ख्या देऊळगाव राजाच्या स्टँडला माहीत आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

मी मेहकरला मास्तर. पोरांना मोबाइल कमी वापरा सांगता सांगता मलाच जोर चढला आणि वर्गात जाहीर करून बसलो, दर रविवारी माझा फोन कपाटात. माणसानं यंत्राचा गुलाम काऊन व्हावं?

पहिल्याच रविवारी बायकोला घेऊन बालाजीच्या दर्शनाला गेलो. परत स्टँडवर आलो तेव्हा सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "तुमी गाडीचं पाहा, मी पान्याची बाटली घेऊन येतो."

गाडीचं विचारून आलो, तर सुनंदा नाही. पाण्याच्या दुकानावर नाही, रसवंतीवर नाही. पंधरा मिनिटं गेली. तिची शुगर अधूनमधून एकदम उतरते, त्यामुळं मला थांबवेना.

बाकावरच्या एका गृहस्थांना म्हटलं, "भाऊ, एक फोन करू देता का?"

त्यांनी दिला. मी नऊ दाबला आणि थांबलो. पुढचं काहीच येईना. सव्वीस वर्षांचा संसार, पण फोनमध्ये नावावर बोट ठेवलं की ती बोलते, एवढंच मला ठाऊक.

"काऊन, लागत नाही का?"

"नंबर आठवत नाही."

"कोनाचा?"

"बायकोचा."

गृहस्थांनी फोन गुपचूप काढून घेतला आणि खिशात घातला.

मी चौकशीच्या खिडकीवर धावलो. "साहेब, मी मेहकरचा मास्तर, बायको हरवली. माइकवरून सांगा. पण नाव घेऊ नका, इथं माझे विद्यार्थी असतात."

"बरं. साडी कोन्त्या रंगाची?"

आता बोला. सकाळपासून सोबत होतो, एसटीत शेजारी बसलो, रांगेत मागेपुढे उभे राहिलो. मला रंगच आठवेना.

"हिरवी," मी ठोकून दिलं.

भोंगा सुरू झाला, "मेहकरच्या सरांच्या हिरव्या साडीतल्या मिसेस, चौकशीपाशी या." असं तीनदा. अर्धा स्टँड शोधायला लागला. लोकांनी हिरव्या साडीतल्या दोन बायका आणूनही दाखवल्या. त्यातली एक म्हणाली, "मले जालन्याले जायाचं हाय, सोडा ना." दुसरीचा नवरा सोबतच होता. तो माझ्याकडं ज्या नजरेनं पाहत होता, ती सांगत नाही.

तेवढ्यात गर्दीतून पिवळ्या साडीतली एक बाई बाटली घेऊन आली. "सापडली का हो ते हिरव्या साडीवाली? मी पलीकडच्या बाकांवर सारं पाहून आली, तिकडं नाही."

सुनंदाच होती.

मला पाहून म्हणाली, "मी कवाची तिकडं तुमची वाट पाहून राह्यली. चला, त्या बाईले शोधू लागा. मेहकरचीच हाय म्हणते."

खिडकीतले साहेब हळूच म्हणाले, "बाई, ते तुमीच हाय."

तिनं साडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे तुमीच आनली होती ना दिवाळीले?"

मी गाडीकडं चालू लागलो.

गाडीत ती फक्त एवढंच बोलली, "दहा आकडे हायेत. पाठ करा. मोठ्यानं."

मी पोरांकडून पाढे घोकून घेतो, तसं तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. सिंदखेड राजापर्यंत मी सहा आकड्यांवर पोचलो. मेहकरला उतरताना तिनं पुन्हा विचारलं, तर सातव्यावर अडकलो. उरलेले कंडक्टरनं सांगितले, आणि मागच्या सीटवरच्या आजीनं त्यातला एक दुरुस्त केला.