रंगाखालचं कुंकू

दादाचा सौंसरहून फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या घरी गच्चीवर डाळ वाळत घालत होते. "तुही वहिनी गेली," तो म्हणाला. "जेवली, खुर्चीत बसली, आन् बसल्या बसल्या गेली... माह्या आधी गेली." शेवटचं वाक्य त्यानं पुन्हा एकदा म्हटलं. आवाज रडका होता, खोटं कशाला सांगू. पण डोक्यावरचा भारा अंगणात टाकल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसा श्वासही मला त्या फोनमधून ऐकू आला. बायको गेल्यावर नवऱ्यानं हुश्श करावं, हे कुणालाही विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. वहिनीच्या आधी दादाला काही झालं तर गाव तिला काय म्हणेल, ही आमच्या घरातली सगळ्यांत जुनी काळजी होती, आणि ती त्या दुपारी संपली होती.

माझी वहिनी शकुंतला. नावावरून तुम्हाला आठवणार नाही, कारण सिनेमाच्या पाट्यांत तिचं नाव नेहमी दहा नावांच्या गर्दीत यायचं आणि वाचून होईपर्यंत जायचं. पण ऐंशीनंतरच्या दशकात ज्यांनी मराठी सिनेमे पाहिले, त्यांना चेहरा नक्की आठवेल. नायकाची विधवा आई, नायिकेची बालविधवा आत्या, वाड्यातल्या कोपऱ्यात फिकट लुगड्यात खोकत बसलेली काकू... नायकानं शहरात जाऊन गाणी म्हणायची आणि वहिनीनं गावात डोळ्यांना पदर लावायचा, अशी वाटणी ठरलेली होती. माहेर तिचं लोधीखेड्याचं. शाळेत असल्यापासून नाटकाची खोड. लग्न होऊन आमच्या घरी सौंसरला आली तरी ती खोड गेली नाही, उलट दादानंच तिला छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीत बसवून नागपूरला नाट्यस्पर्धेला नेलं. तिथे एका दिग्दर्शकानं तिला पाहिलं. तिचं कपाळ मोठं, भुवया जरा खाली झुकलेल्या. तो म्हणाला, "बाई, तुमचं कुंकू झाकलं की चेहरा बोलायला लागतो." झालं. त्या एका वाक्यानं तिचं नशीब ठरलं. पुढे दर सिनेमात तिचा नवरा पहिल्या रिळात, नाहीतर सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेला असायचा.

आता इकडे तिचा खरा नवरा, म्हणजे माझा दादा, वीज खात्यात लाइनमन. रोज खांबावर चढणारा माणूस. आमच्या आईची अवस्था काय झाली असेल, विचार करा. लेक तारांशी खेळतो आणि सून तिकडे विधवा होऊन पैसे कमावते! आईनं सिनेमाला नाही म्हटलं नाही, तेवढी ती शहाणी होती. पण दोन अटी घातल्या. एक म्हणजे कुंकू पुसायचं नाही, वरून रंग चढवून झाकायचं. मंगळसूत्र काढून पेटीत ठेवायचं नाही, कमरेला खोचायचं. वहिनीनं हे शेवटपर्यंत पाळलं. मेकअपवाले कंटाळायचे, पण कुंकवावर रंगाचे थर देऊन कपाळ पांढरं करायचे. दुसरी अट परत आल्यावरची. शूटिंगवरून आलं की थेट घरात शिरायचं नाही. ओट्यावर बसायचं. आई दादाला बोलावणार, समोर उभा करणार, त्याच्या हातून वहिनीच्या कपाळाला कुंकू लावणार, आणि म्हणणार, "पाह्यून घे व नीट. जित्ता आहे." मगच उंबरा ओलांडायचा.

हा कार्यक्रम पाहायला आळीतल्या बाया हातातली कामं टाकून यायच्या. तिकीट लावलं असतं तर घर चाललं असतं. एकदा वहिनी कोल्हापूरहून आली आणि दादा बाजारातल्या खांबावर होता. वीज गेलेली, सगळा बाजार खाली उभा, हा उतरणार कसा? वहिनी दुपारभर ओट्यावर. तिथेच चहा, तिथेच जेवण, तिथेच दोन शेजारणींचं भांडण सोडवणं. मी तेव्हा माहेरपणाला गेले होते. मी म्हटलं, "वहिनी, तूच बाजारात जाय, खालून वर पाह्य त्याले." ती हसली. आईला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईले नाही चालत. खांबावरचा नवरा धरत नाही त्या."

हसण्यावारी चाललेलं हे सगळं एका पावसाळ्यात अंगाशी आलं. बोरगावच्या रस्त्यावर दादा खांबावरून पडला. खांब ओला, आणि पट्टा बांधायचा ह्यालाच आळस. पाय मोडला, डोक्याला मार लागला, दोन दिवस शुद्ध हरपली. वहिनी शूटिंगला गेलेली. आणि नेमका त्याच आठवड्यात पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये तिचा सिनेमा लागलेला, त्यात ती नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडते. तो प्रवेश इतका खरा होता की बाया तो पाहायला दुसऱ्यांदा जायच्या. मग काय, गावाला दोन गोष्टी जोडायला कितीसा वेळ लागतो? "सिनेमात रडू रडू तिनंच आणलं हे घरात," असं दादासाठी सौंसरला गेले तेव्हा मी माझ्या कानांनी नळावर ऐकलं. संताप असा आला की भरलेली घागर तिथेच आदळावीशी वाटली. पण खरं सांगते, त्या दिवशी आईही तेच म्हणत होती, फक्त मनात.

तार मिळाल्यावर वहिनी आली. सवयीनं ओट्यावर बसली. दादा शुद्धीवर येऊन घरी आला होता, आतल्या खोलीत पलस्तर घालून पडलेला. पण आई करंडा घेऊन बाहेर आलीच नाही. चूल फुंकत बसली. मी वहिनीजवळ जाऊन बसले, तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते तिच्या नट्ट्यापट्ट्याच्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं गुपित होतं. "माह्यामुळंच झालं बाई. लोकं विचारते, तुमाले इतकं खरं रडू कसं येते? कसं येईन? मी डोळे मिटते आन् ह्यायले खांबावरून पाडते. दर टायमाले. दुसरं कायनंच मले रडू येत नाही... आता मी सोडते हे काम."

खिडकी उघडीच होती. आतून दादाचा आवाज आला, "काय सोडून राहिली तू?" मग काहीतरी पडल्याचा आवाज, आईचं ओरडणं, आणि दादा दारात. एका हातानं चौकट धरलेली, पलस्तराचा पाय ओढत, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. घामानं निथळत होता. त्यानं तिच्या कपाळाला इतकं मोठं कुंकू लावलं की अर्धं नाकावर सांडलं. "तुले रडू येत असन त मार मले," तो म्हणाला. "मनात कितीबी खेपा मार. इथी मी मरून नाही राहिलो. समजलं? तू जाय कामाले." वहिनी आयुष्यात त्या दिवशी रडली तशी कुठल्याच सिनेमात रडली नसेल, आणि दिसायलाही अजिबात चांगली दिसत नव्हती. मागोमाग दारापर्यंत आलेली आई आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

वहिनी कामाला गेली. आणि दादानं आपलं म्हणणं नोकरीसारखं पाळलं. पायामुळे खांब सुटलाच, त्यानं बिडीही सोडली. मोटारसायकल विकली. पहाटे उठून फिरायला जायचा, तळलेलं पाहिलं की तोंड फिरवायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळाला, म्हणून हौसेनं माझ्याकडे पांढुर्ण्याला यायचा तो माणूस आता आलाच तर मागच्या खोलीत दार लावून बसायचा. पलीकडे सावरगाववाले दगड मारताहेत, इकडे माझा नवरा ओरडतोय, आणि हा आपला बसल्या जागी शेंगा सोलतोय. मी छळायची, "दादा, अमरपट्टा पाह्यजे का तुले?" तो म्हणायचा, "हाव. सिनेमावाल्या बाईचा नवरा आहो मी. मले मरायची परवानगी नाही."

मधल्या काळात एका निर्मात्यानं तिला सवाष्णीची भूमिका दिली. भरल्या हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू, हसरा नवरा, खाणावळ चालवणारी बाई. आई हरखून गेली, गावात साखर वाटली. सिनेमा सपशेल पडला. वहिनीलाही तो पाहवला नाही. "नवरा जित्ता असला की मले ॲक्टिंगच येत नाही," असं ती डोक्याला हात लावून म्हणाली, आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा पांढरं नेसायला गेली.

आईनं तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. पाहायचं धाडसच नव्हतं. शेवटी दशक संपता संपता घरी टीव्ही आला आणि एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर वहिनीचाच सिनेमा लागला. आई एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला भाजी निवडत, दादा आणि मी मागे. पडद्यावर मुलानं वहिनीला घराबाहेर काढलं. कॅमेरा तिच्या उघड्या कपाळाजवळ आला. आईच्या डोळ्यांना धार. "व शकु, कुंकू कुठी आहे व तुहं?" "आहे आत्याबाई. रंगाच्या खाली." पण आईला काही राहवेना. उठली, करंड्यात बोट बुडवलं आणि काचेवरच्या वहिनीच्या कपाळाला कुंकू लावायला गेली. तेवढ्यात चित्र बदललं, आणि कुंकू बसलं सावकाराच्या नाकावर! आम्ही हसून हसून लोळलो. आईही हसली. मात्र ते पुसू द्यायला ती तयार होईना, त्यामुळे पुढे कित्येक दिवस बातम्या सांगणाऱ्या साहेबांनाही कुंकू लावून बातम्या सांगाव्या लागल्या. त्या दिवसापासून ओट्यावरचा कार्यक्रम बंद झाला. आई म्हणाली, "मले आता समजलं. ते सगळं काचेच्या तिकडं आहे."

आईला समजलं, पण गावाचं काय? गाव काही विसरत नाही. आई गेल्यावरही, वहिनीची कामं थांबून ती घरी बसल्यावरही, दादाला साधा ताप आला तरी कुणीतरी जुनी आठवण काढायचंच. वहिनीचं हृदय गेली दोन वर्षं थकलं होतं, पण औषधाची वेळ चुकली तर ती स्वतःची नाही, दादाची विचारायची. दोघंही एकमेकांकडे डोळ्यांत तेल घालून बघत असायची.

तेराव्याला बाया आल्या. अहेव गेली, भाग्यवान हो, भरल्या कपाळानं गेली... ज्यांनी नळावर तिला बोल लावले होते त्यांच्यातल्याही दोघी होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. मी ऐकत होते आणि जळफळत होते. भाग्य कसलं? ती माझ्या दादाची इतक्या वर्षांची मेहनत होती. पण हे बोलून कुणाला कळणार होतं?

पाहुणे गेले, मी चार दिवस मागे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दादाच्या चपला दारातच. ऊन अंगणात आलं, तरी हा अंथरुणात. चहा घेऊन गेले, हलवलं. त्यानं डोळे उघडले.

"फिराले नाही गेला?"

"कायले जाऊ?" तो म्हणाला. चेहरा इतका निवांत होता, लहानपणानंतर मी तो तसा पाहिला नव्हता. "आता मी केव्हाबी गेलो तरी चालते. तिले कोणी काई म्हणणार नाही."

"तुले चालत असन," मी म्हटलं. "मले नाही चालत."

ह्या बाजूनं त्यानं कधी विचारच केला नसावा.

"बरं," तो म्हणाला, "उद्यापासून जातो. आजचा दिवस झोपू दे व बाई... लय दिवसाची झोप आहे." आणि त्यानं कूस बदलली.

मी चहावर बशी झाकली आणि दार ओढून घेतलं.